निमकी न येणारं मशीन

२०२२ साल. मला चौऱ्याहत्तर वर्षं पुरी झाली होती. दोन वर्षांआधीच्या वादळाने दिवेआगरची आमची वाडी झोपवली, मधली सुपारीची एक पोफळ तेवढी उभी राहिली. ती माझ्या हातची. नवी लागवड करायच्या आधी धाकट्या भावाने वाटणी मागितली. मी म्हटलं, घे. हाताहातावर गाठी मारलेली माझी दोरी लावली. माझ्या बाजूच्या दगडी गडग्यापासून त्याच्या बाजूच्या गडग्यापर्यंत पंचाण्णव हात भरले.

भावाची मुलगी पुण्यात कॉम्प्युटरवर काम करते. ती ओटीवर मशीन मांडीवर घेऊन बसली होती. नुसता काळा पडदा, चित्र न्हाय, काही न्हाय. त्यावर तिने बीसी अशी दोन अक्षरं लिहिली. म्हणाली, "काका, हा हिशेब करतो." मग पंचाण्णव भागिले दोन लिहिलं. खाली सत्तेचाळीस उमटलं.

भाऊ लगेच खुंटी उचलून माझ्या बाजूने सत्तेचाळीस गाठी मोजत गेला. पोफळ शेवटच्या गाठीच्या जेमतेम चार बोटं पुढे. तिथे खुंटी पडली की पोफळ त्याची.

"थांब," मी म्हटलं. "पंचाण्णवाची निमकी किती?"

"दादा, मशीनने सांगितलं ना."

"मशीन तुझ्या पोरीचं."

पुतणी हसली. "ते कुणाची बाजू घेत नाही, काका."

"मग सत्तेचाळीस दुणे किती, सांग."

"चौऱ्याण्णव."

"आणि एक हात कुणी खाल्ला?"

तिचं हसू गेलं. म्हणाली, हे मशीन वरचा अर्धा-पाव टाकून देतं, किती ठेवायचा ते आधी सांगावं लागतं. तिने स्केल बरोबर एक असं लिहिलं आणि तोच भागाकार पुन्हा घातला. आता साडेसत्तेचाळीस.

"मघाशी का न्हाय बोललं?"

"मी सांगायला विसरले."

ती विसरली असेलही. पण नेमका माझ्याच बाजूचा अर्धा हात कसा विसरली, हे मला आजही कळलेलं न्हाय. मी चौथीपर्यंत शिकलो, पण निमकी, म्हणजे अर्ध्याचा पाढा, गुरुजींनी छडीने पाठ करून घेतली. ती कुणी सांगावी लागत न्हाय.

"एका पोफळीपायी मशीनला शाळेत घातलंस, दादा," असं म्हणत भावाने अर्धा हात पुढे, पोफळीपलीकडे खुंटी ठोकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोरी घेऊन एकटाच वाडीत गेलो आणि त्याच्या गडग्यापासून उलटा, खुंटीपर्यंत मोजत आलो.