प्लूटो गेला आणि सीरिस आली

माझ्या पत्रिकेत सातव्या घरात प्लूटो आहे. सांगलीच्या ज्योतिषीबुवांनी तो तांबड्या शाईनं इतक्या दणक्यात लिहिला होता, की पत्रिका घडी करून खिशात ठेवली तर शर्टाला धग लागायची. सातवं घर जोडीदाराचं. तिथं प्लूटो बसला की माणसाचा संसार एकदा मुळापासून उपटला जातो आणि नव्यानं लावावा लागतो, असं बुवांचं म्हणणं. मला त्याची भीती वाटली नाही. चेन्नईच्या मे महिन्यात मी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत राहत होतो. तिथं सकाळी भरून ठेवलेल्या बादलीत दुपारी अंडी उकडून निघायची. त्यातून वाचलेल्या माणसाचं प्लूटो काय वाकडं करणार?

खोली मैलापूरला, देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत. घरमालक तंजावरकडचे मराठी, कित्येक पिढ्या तमिळ मुलखात मुरलेले. त्यांचं बोलणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, एखादी बखर लुंगी नेसून समोर बसली आहे. ‘तुम्हांस कापी चालते कां?’ असं मला विचारायचे आणि त्याच श्वासात आत बायकोला तमिळमध्ये हाक मारायचे. मी त्यांना मामा म्हणायचो, ते मला तंबी, म्हणजे धाकटा भाऊ. मामा सरकारी कचेरीतून निवृत्त झाले होते आणि दुसऱ्याच दिवशी ज्योतिषात रुजू झाले होते. मामी फार बोलत नसत, वाढत मात्र अशा की पानावरून उठायला मला दोनदा जोर लावावा लागे. त्यांची एकुलती एक मुलगी तांबरमच्या शाळेत गणित शिकवायची. माझा मोटारींचा कारखाना तांबरमच्या पुढं. रोजची गाडी एकच, वेळही एकच. पुढचं सांगायला ज्योतिषी लागत नाही.

वर्षभरात आमचं ठरलं. घाई एवढ्यासाठी होती, की पुढच्या उन्हाळ्यात कंपनी मला पुण्याच्या कारखान्यात पाठवणार होती. त्याआधी लग्न उरकून तिला घेऊनच जायचं, असा माझा बेत. मी आईकडून पत्रिका मागवली आणि पुण्याच्या बेतासकट मामांपुढं ठेवली.

मामांनी आधी आमची तिरप्या रेघांची कुंडली त्यांच्या पद्धतीच्या बारा चौकोनांत उतरवून घेतली. गुरू पाहिला, शुक्र पाहिला, मान डोलावली. मग पेन्सिल एका चौकोनावर थांबली. तिकडचे ज्योतिषी नऊ ग्रहांवर भागवतात. हर्षल, नेपच्यून आणि प्लूटो पत्रिकेत बसवायची हौस आपली.

‘‘हा कोण पाहुणा?’’ मामांनी विचारलं.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. त्यांचे नऊच्या नऊ ग्रह माझ्या बाजूचे होते. नुसतं ‘शोभेला लिहिलाय’ म्हणालो असतो तरी त्याच दिवशी साखरपुडा झाला असता. पण समोरच्याला माहीत नसलेली गोष्ट मला माहीत आहे म्हटल्यावर माझी जीभ माझं ऐकत नाही. मी छाती काढून अर्धा तास प्लूटो समजावून सांगितला. पाताळाचा स्वामी, उलथापालथ करणारा, राज्यं बुडवणारा. रंगात येऊन दोन राज्यं तर मी जागेवरच बुडवली. दाराआड ती उभी होती. तिनं कपाळाला हात लावलेला मला दिसला, पण तोवर मी तिसऱ्या राज्यापर्यंत पोचलो होतो.

मामा म्हणाले, असला इसम विवाहाच्या घरात बसला असेल तर ते आपल्या पोरीस तिथं धाडणार नाहीत. विषय संपला.

पुढचे तीन महिने मी त्या घरात प्लूटोचा नातेवाईक म्हणून वावरलो. आणि मग दोन हजार सहाच्या ऑगस्टात सगळ्या जगातले खगोलशास्त्रज्ञ केवळ माझ्यासाठी एकत्र जमले. सकाळच्या पेपरात बातमी आली की प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढलं, आता तो बटुग्रह. मी गच्चीवरून तीन-तीन पायऱ्या एकदम उतरलो आणि ओट्यावर बसलेल्या मामांपुढं पेपर उघडला. म्हटलं, मामा, तुमच्या पाहुण्याची नोकरी गेली.

मामांनी चष्मा लावून बातमी शेवटपर्यंत वाचली. मी फक्त मथळा वाचला होता.

‘‘तंबी, एक गेला हें खरं. पण त्याच सभेनं सीरिसला वर चढवलं. काल लघुग्रह होती, आज बटुग्रह झाली. बढती मिळालेल्याची दखल घ्यायची नाही कां?’’

छत्तीस वर्षं कचेरीत काढलेल्या माणसापुढं बढतीच्या विरोधात काय बोलणार?

शिवाय त्यांची तयारी होती. प्लूटोचा धसका घेतल्यापासून त्यांनी फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांतून एक इंग्रजी ग्रंथ मिळवला होता, फक्त लघुग्रहांवर. संध्याकाळी ओट्यावर ते मला त्यातली फळं वाचून दाखवत. जूनो म्हणजे जोडीदाराशी निष्ठा. वेस्टा म्हणजे घरातला अग्नी आणि एका कामाला वाहून घेणं. पॅलस म्हणजे डोकं लढवणं. एका एका नातेवाइकाला ते लघुग्रह नेमून देत, आणि त्यांचा मेहुणा तर कधीच न विझणाऱ्या शेगडीमुळं थेट वेस्टाच ठरला होता. आणि सीरिस म्हणजे अन्न, माया, लेकराला जपणं. ती माझ्या पत्रिकेत कुठं आहे ते कळल्याशिवाय मामा पुढं जाणार नव्हते, आणि ग्रंथात माझ्या जन्मवेळची गणितं नव्हती.

‘‘मी काढून आणतो,’’ मी म्हणालो. ‘‘आमच्या ऑफिसातला संगणक सूर्याला विचारून उत्तर देतो.’’

दुसऱ्या दिवशी इंटरनेटवरून यादी छापून आणली. सीरिस तूळ राशीत. माझं लग्न मीन, म्हणजे तूळ झालं आठवं घर. मृत्यूचं.

मामांनी कागद खाली ठेवला. अन्नाची देवी आठव्यात पडली, तेव्हा आपली पोर उपाशी मरेल, असं ते अगदी शांतपणे म्हणाले. आत मामी माझ्या पानावर चौथ्यांदा डांगरपचडी वाढून ठेवत होत्या. या घरात हा विषय परत नको, आणि पोंगलनंतर खोली सोडलीत तर बरं, एवढं मामांनी सांगितलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही असं म्हणणं खोटं ठरेल, लागली. पण सकाळी गाडीत तिला यादी दाखवताना माझा आवाज नेहमीसारखा पाच डब्यांपर्यंत पोचत नव्हता. तिनं यादी वरून खाली वाचली.

‘‘यात प्लूटो कुठं आहे?’’

‘‘तुळेत.’’

‘‘आणि पत्रिकेत?’’

‘‘कन्येत.’’

‘‘म्हणजे एक तर सांगलीचे ज्योतिषी चुकले, नाही तर तुम्ही. सायन यादी आणलीत. पाश्चात्त्य लोक संपातापासून मोजतात, आपण ताऱ्यांपासून. मधले साडेतेवीस अंश कोण वजा करणार, इंजिनियर?’’

अयनांश वजा करायचे असतात हे मला माहीत होतं. निदान मी लोकांना ते अनेकदा समजावून सांगितलं होतं.

संध्याकाळी मी मामांपुढं उभा राहिलो आणि चूक कबूल केली. चूक कबूल करण्याची मला फार सवय नाही, म्हणून त्यात परदेशी संगणकाचा थोडा दोष मिसळला, पण केली. मामांनी स्वतः वजाबाकी केली. तीनदा. सीरिस कन्येत आली. सातव्या घरात, प्लूटोच्या शेजारी.

मला वाटलं, आता ते उठून मिठी मारतील. अन्नाची देवी जोडीदाराच्या घरात, आणखी काय हवं? पण मामांचा चेहरा उतरला. त्यांनी ग्रंथ आणला, एक पान उघडलं आणि माझ्या हातात दिलं. एरवी सगळं मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या माणसानं हे पान मला मनात वाचायला लावलं.

सीरिसला एकच मुलगी. प्लूटो तिला रथात घालून आपल्या मुलखात घेऊन गेला. आईनं पीक पिकवायचं थांबवलं, जग उपाशी राहिलं, आणि अखेर तोड निघाली की मुलीनं सहा महिने तिकडं राहायचं आणि सहा महिने आईकडं. पानाच्या कडेला पेन्सिलीची रेघ होती. ती आजची नव्हती, जुनी होती. म्हणजे मामांना ही गोष्ट कधीची ठाऊक होती. आठवं घर, मृत्यू, उपासमार, ते सगळं कागदावरचं. त्यांची भीती पुण्याची होती.

मी काही बोलायच्या आत मामी बाहेर आल्या. पदराला हात पुसत माझ्यासमोर उभ्या राहिल्या. वर्षभरात त्यांनी मला जेवणाशिवाय काही विचारलं नव्हतं.

‘‘यांस ग्रहांचं कारण लागतं, मला लागत नाही. पोर एकच आहे. वर्षाचे किती महिने धाडाल, तेवढं सांगा.’’

मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या आहेत, त्यांतल्या काही उत्तम जमल्या आहेत. पण त्या क्षणी जे बोललो ते खरं होतं, आणि बोलून झाल्यावरच मला कळलं की मी ते ठरवलं आहे.

‘‘बारा,’’ मी म्हणालो. ‘‘पुण्याला मी नाही म्हणून कळवतो.’’

‘‘अय्यो, मला कुणी विचारणार आहे कां?’’ दारातून तिचा आवाज आला. ‘‘माझी शाळा तांबरमला आहे, माझी दहावीची पोरं तिथं आहेत. मी पुण्याला जाणार असं कुणास कधी सांगितलं? अप्पा, यांस वजाबाकी येत नाही, तुम्हांस विचारायला येत नाही.’’

मामांनी ग्रंथ मिटला. ‘‘मापिळ्ळै, जेवायला बसा,’’ ते म्हणाले. मापिळ्ळै म्हणजे जावई. तंबीपासून तिथवर पोचायला मला प्लूटोची नोकरी घालवावी लागली, आणि सीरिसची बढती अंगावर घ्यावी लागली.

लोक आजही मला विचारतात, बटुग्रहांना फळ असतं का? मी छातीठोक सांगतो, असतं. मोठे ग्रह काय घडणार ते सांगतात, हे छोटे मात्र कोण कशाला घाबरलंय तेवढं सांगतात, आणि संसाराला तेवढं पुरतं.

त्याच संध्याकाळी मी सांगलीला फोन केला. आईला सगळं सांगितलं, सीरिसची गोष्टही सांगितली, थोडा रथ वाढवून. पुणं रद्द झाल्याचं मी अगदी शेवटी, घाईघाईनं सांगितलं.

‘‘मुलगी पळवली तर सीरिस,’’ ती म्हणाली. ‘‘आणि मुलगा पळवून नेला तर त्या पुस्तकात कुणाचं नाव आहे?’’

मी म्हटलं, आई, लघुग्रह हजारोंनी आहेत, रोज नवे सापडतात, एखादा असेलच.

‘‘बघून ठेव,’’ आई म्हणाली. ‘‘आणि मामींना विचार, दिवाळीला मी आले तर त्यांना चालेल का.’’