निम्मी माळ धोंडीबाईची

रेमेद तुस्कानो मूळच्या वसईच्या. लग्नानंतर सहाव्या वर्षी नवरा वारला. पुढे सरकारी नर्स म्हणून त्यांची नेमणूक झाली ती मुरबाड तालुक्यात, माळशेजच्या रस्त्यावरच्या वैशाखऱ्यात. दोन वर्षांत बदली करून घेईन, असं आईला सांगून त्या आल्या होत्या. सत्तावीस वर्षं गेली, निवृत्ती झाली, मुलगी ग्लोरिया लग्न करून वसईत रमली, तरी बाई तिथंच राहिल्या. आसपासच्या पाड्यांवरची कितीतरी पोरं त्यांच्या हातांवर जन्मलेली.

गावात ख्रिस्ती घर त्यांचं एकटंच. महिन्यातून एका रविवारी दोन एसट्या बदलून त्या शहापूरकडच्या चर्चमध्ये मिस्सेला जात. एरवी रोज संध्याकाळी मरियामातेच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावून रोझरी म्हणत. रोझरी खरं तर घरच्या सगळ्यांनी मिळून म्हणायची. एकानं 'नमो मारिये' म्हणायचं, बाकीच्यांनी 'पवित्र मारिये' म्हणून ती प्रार्थना पुरी करायची, असे पन्नास मणी. बाई दोन्ही बाजू एकट्याच म्हणत.

शेजारची धोंडीबाई दिवेलागणीला त्यांच्या ओट्यावर येऊन बसायची. तिनं वर्षभर नुसतं ऐकलं. मग एकदा म्हणाली, "नर्सबाय, बोलून बोलून तुमाला दम लागतो. निम्मं मी बोलू का?"

"घरचे काय म्हणतील गो?"

"काय म्हणायचं हाय त्यात? माझ्या सुन्याच्या बाळंतपणाच्या वेळंला मी अडले व्हते, तवा तुमी हिचंच नाव घेत व्हता. माझी वळख हाय तिच्याशी."

तेव्हापासून 'पवित्र मारिये' धोंडीबाईचं झालं. आपल्या कुलदेवीचा दिवा लावायचा आणि मग इकडं यायचं, असा तिचा नेम. आठ वर्षं तो चालला.

दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात बाईंना झटका आला. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. ग्लोरियानं त्यांना ठाण्याला दवाखान्यात ठेवलं. महिन्यानं हात थोडा हलायला लागला, पण तोंडातून शब्द येईना. आता आईला वसईला न्यायचं ठरवून ती सामान बांधायला त्यांना घेऊन वैशाखऱ्यात आली.

दुसऱ्या संध्याकाळी भांडी खोक्यात भरून झाली होती. धोंडीबाई आली, बाईंच्या खाटेशी बसली आणि माळ त्यांच्या डाव्या हातात दिली. मग थोडं थांबली. सुरुवात करायचं काम नेहमी बाईंचं.

"मला पुढचंच येतं," ती ग्लोरियाला म्हणाली. "पयलं ऐकून ऐकून जमंल तसं बोलते." आणि अडखळत तिनं 'नमो मारिये' म्हटलं. शेवटच्या शब्दाशी ती गप्प झाली आणि बाईंकडे बघत राहिली.

बाईंचे ओठ हलले. "पवित्र मारिये," त्या म्हणाल्या, आणि पुढची सगळी ओळ 'आमेन'पर्यंत, जड पण सलग.

ग्लोरिया खोकं बांधायची दोरी टाकून खाटेशी आली. दवाखान्यात तिनंही आईसाठी रोज रोझरी म्हटली होती, पण आईला त्रास नको म्हणून मनातल्या मनात. "मम्मी, पाणी हवं का?" तिनं विचारलं. बाईंना उत्तर देता येईना. धोंडीबाईनं पुढचा मणी धरला, आणि 'पवित्र मारिये' पुन्हा आलं.

ठाण्याच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की असं होतं. जन्मभर म्हटलेलं कधीकधी शाबूत राहतं. त्याच्या आधारानं त्यांना बोलतं करत राहा. ग्लोरियानं आईला वसईला न्यायचं नाताळपर्यंत पुढं ढकललं, आणि आईला धोंडीबाईच्या हवाली करून ती स्वतः वसईहून येऊन-जाऊन राहू लागली.

रोज संध्याकाळी माळ झाली की धोंडीबाई एकेक वस्तू दाखवायची. 'दार' आलं, 'चहा' आला. 'धोंडी' मात्र 'पोंडी' व्हायचं, आणि दोघी हसायच्या.

नोव्हेंबरात एकदा धोंडीबाईची सून दामिनी सोबत आली. तिला आठवा महिना होता. माळेचं तिसरं दशक, म्हणजे तिसरे दहा मणी, चालू असताना बाई मध्येच थांबल्या. दामिनीच्या पायांकडे, मग तोंडाकडे पाहत राहिल्या.

"बाय, तुमची पाळी," धोंडीबाई म्हणाली.

बाईंनी मान हलवली. खूप वेळ झगडून म्हणाल्या, "सूज." मग डावा हात दामिनीच्या दंडाला लावून, "बीपी. बीपी बघ."

ग्लोरिया त्या दिवशी आलेली होती, तिनं लगेच गाडी काढली. मुरबाडच्या डॉक्टरांनी दामिनीचं बीपी मोजलं आणि तिला ठेवूनच घेतलं. आणखी दोन दिवस गेले असते तर आईचं नि बाळाचं काही खरं नव्हतं, असं ते म्हणाले. तीन आठवड्यांनी मुलगी झाली. किरकोळ, पण सुखरूप.

नाताळला ग्लोरिया आली तेव्हा खोकी रिकामी होऊन माळ्यावर गेलेली होती. "मम्मी, मग येणार ना वसईला?" तिनं विचारलं.

"नाय," बाई म्हणाल्या. हा शब्द त्यांना आता स्वच्छ येत होता.

बाळाचं नाव पूजा ठेवलं. दामिनी तिला दर आठवड्याला बाईंकडे आणते, आणि बाई डाव्या हातानं तिचे पाय चाचपून बघतात.