पाकिटातल्या रकमेवरचा बट्टा

बायकोनं मागवलेलं पिकोचं मशीन बिघडलेलं निघालं. ते परत पाठवताना ॲपवर दोन पर्याय दिसले. पैसे बँकेत हवे असतील तर पाच ते सात दिवस, ॲपच्या पाकिटात हवे असतील तर लगेच. तिनं 'लगेच'वर बोट ठेवलं. मी शेजारीच बसलो होतो. मीही तेच केलं असतं. थोड्याच वेळात पाकिटात नऊ हजार सहाशे चाळीस रुपये दिसले. "आले," मी म्हणालो, आणि विषय संपला असं आम्हा दोघांनाही वाटलं.

हे पैसे तिचे होते, ब्लाउज शिवून आणि साड्यांना फॉल लावून जमवलेले. पिकोसाठी तिला साड्या बाहेर द्याव्या लागत. घरात मशीन आलं की ते कामही आपल्याकडे राहील, असा तिचा साधा हिशेब होता. नवं मशीन असं निघाल्यावर तिनं ठरवलं, आता चालवून पाहिल्याशिवाय घ्यायचं नाही. पडेगावात एक बाई शिवणकाम बंद करून मुलाकडे राहायला निघाल्या होत्या. त्यांचं मशीन विकायचं आहे असं कळलं, तेव्हा आम्ही सिडकोतून रिक्षानं तिकडे गेलो.

मशीन चांगलं होतं. बायकोनं सोबत नेलेल्या जुन्या साडीचा काठ त्यावरून फिरवला आणि टाका दोन्ही बाजूंनी पाहिला. नऊ हजारांवर ठरलं. बाईंच्या दाराजवळ क्यूआर कोड चिकटवलेला होताच. बायकोनं तो स्कॅन केला, आकडा टाकला, आणि उत्तर आलं: शिल्लक अपुरी. तिच्या बँक खात्यात तेराशे रुपये होते.

"अहो, पाकिटातून जात नाहीत."

मी फोन घेतला. पाकिटाच्या पानावर पूर्ण रक्कम दिसत होती. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की ती फक्त या ॲपवरच्या खरेदीसाठी वापरता येईल, बँकेत वळती करता येणार नाही.

"ताई, फोनात दिसतायत ना? मग द्या की," बाई म्हणाल्या.

"दिसतायत, पण निघत नाहीत."

"आमच्या मालकांचा पगार बी असाच होता. ऐकायला यायचा, बघायला नाय मिळायचा." मग त्या जरा गंभीर झाल्या. "दुसरं गिऱ्हाईक हाय बघा. रविवारपर्यंत थांबते. त्याच्या पुढं नाय जमायचं."

घरी आल्यावर रिक्षावाल्याला मी फोनवरूनच पैसे दिले, तेव्हा फरक नीट लक्षात आला. आपण सगळ्यालाच ऑनलाइन म्हणतो. पण रिक्षावाल्याला दिलेले पैसे माझ्या बँकेतून त्याच्या बँकेत गेले. फोन हा नुसता निरोप्या. पाकिटात असते ती कंपनीनं कबूल केलेली रक्कम. काही पाकिटं ती बँकेत काढू देतात. हे देत नव्हतं. मी मदत केंद्राला फोन करून पाहिला. तिथली मुलगी नम्रपणे बोलली आणि नाही म्हणाली.

मी बायकोला सुचवलं, "मी घरखर्चातून नऊ हजार देतो. पाकिटातले आपण हळूहळू वापरू."

"नको. तुमच्याकडून घेतले तर मशीन घराचं होतं. मला ते माझं हवंय."

"शेवटी सगळं एकच की."

"एकच असतं तर ते पैसे पडेगावात चालले असते."

अण्णा, म्हणजे माझे वडील, खाटेवर बसून ऐकत होते. ते मूळचे पिशोरचे, वय ऐंशीच्या पुढे.

"हाली हाय हा रुपया," ते म्हणाले.

निजामाच्या मुलखात चालायचा तो हाली आणि इंग्रजांचा तो कलदार, एवढं मला माहीत होतं. अण्णांनी दोन्ही हाताळलेले. लहानपणी ते वडिलांबरोबर कन्नडचा घाट उतरून चाळीसगावला जात, आणि घाटाखाली कलदार लागायचा.

"वर आमी हालीत राजे. खाली उतरलं की शेटजी आधी रुपया बघायचा, मग तोंड. बट्टा कापल्याशिवाय कलदार देत नव्हता."

"मग तुम्ही काय करायचात, अण्णा?" बायकोनं विचारलं.

"काय करनार? बट्टा द्यायचा अन् काम उरकायचं. नायतर हाली घेऊन माघारी घाट चढायचा. तो लई अवघड."

रक्कम बाहेर कशी काढायची, हा विचार मी तिथंच सोडला. आता प्रश्न होता, ती कोण घेईल आणि किती बट्टा मागेल.

खालच्या मजल्यावर सिल्लोडचे एक मक्याचे व्यापारी राहतात. त्यांना पाण्याचं फिल्टर घ्यायचं होतं. तेच आमच्या ॲपवर नऊ हजार चारशे नव्व्याण्णवला होतं. बायकोनं ते पाकिटातून मागवायचं आणि त्यांनी तिला बँकेत पैसे द्यायचे, असा बेत होता. बायको स्वतः त्यांच्याशी बोलायला गेली. मी नुसता बरोबर.

"भाभी, फिल्टर तो लेनाच है. पर आप कितना छोड़ते?"

"भाई, बाजारापेक्षा कमीच आहे हा भाव."

"वो ॲप का कम. आपका कम किधर है?" ते हसले. "मंडी में गीला मका आता. मका तो मकाच है, पर सूखे का भाव नहीं मिलता. आपका पैसा गीला है, भाभी."

"ओला नाही, भाई. पोत्यात बांधलेला आहे नुसता."

"तो पोता खोलने की मजदूरी पकड़ो."

ते नऊ हजारांवरून सुरू झाले. चहा होईपर्यंत बायकोनं त्यांना नऊ हजार दोनशेवर आणलं. फिल्टर शनिवारी आलं. त्यांनी खोकं उघडून पाहिलं आणि फोनवरून पैसे पाठवले, थेट तिच्या बँकेत.

दोनशे नव्व्याण्णव रुपये गेले. मी पुष्कळ विचार केला, पण फसवणूक कुठं झाली असं म्हणता येईना. व्यापाऱ्यांना नको असतं तर ते नाही म्हणू शकले असते. माझ्या खिशातल्या नोटेला असं कुणाला पटवत बसावं लागत नाही. महिनाभर सवड असती तर कदाचित कमी बट्ट्यात गिऱ्हाईक मिळालं असतं. सवड रविवारपर्यंतच होती.

रविवारी बायकोनं पडेगावात पुन्हा तोच कोड स्कॅन केला. बाईंनी आपला फोन पाहून मान हलवली आणि तेलाची कुपीही मशीनसोबत दिली. येताना रिक्षात मशीन आमच्या दोघांच्या मध्ये होतं. मी म्हणालो, "हिशेबात मशीन नऊ हजारांचं धरू आणि बट्टा वेगळा दाखवू. बट्टा परताव्यामुळे लागला, मशीनमुळे नाही."

"तुम्ही कशाला लिहिताय?" ती म्हणाली. "मशीन माझं, बट्टाही माझा. घराच्या हिशेबात यातलं काही येत नाही."

त्या महिन्याच्या हिशेबात मी फक्त रिक्षाभाडं लिहिलं.