मिरच्यांचा ठसका आला नाही

माझ्या ताईला नजर लागली नव्हती.
तिचं बीपी वाढलं होतं.

आज तिला जाऊन वर्ष झालं. वर्षश्राद्धाचं ताट सोडून मी लातूरच्या एसटीत बसलोय. हलत्या गाडीत लिहून राहिलोय, चुका समजून घ्या.

स्नेहाशी लग्न करायला बी.एस्सी. अर्धी टाकून पळालो, तेव्हा घरात एकटी ताई माझ्याशी बोलायची. सासरहून, अर्धापूरहून फोन करायची. "मजनू, जेवलास का?"

पुढं आईनं आम्हा दोघांना घरात घेतलं. पहिलं बाळंतपण म्हणून ताई माहेरी, आमच्याकडं नांदेडला आली. डोहाळजेवणाला फुलांचे दागिने घालून बसली, तर अख्खी गल्ली बघायला.

दुसऱ्या दिवशी म्हणाली, "डोकं लई दुखून राहिलंय. डोळ्यापुढं काजवे चमकतेत."

आईनं मीठ-मिरच्या ओवाळून विस्तवात टाकल्या. ठसका आलाच नाही.
"बघ, किती कडक नजर होती!"
ताई पण हसली.

संध्याकाळी झटके आले. दवाखान्यात नेलं.
ताई गेली. बाळ पण.

मी डॉक्टर मॅडमच्या अंगावर धावून गेलो. त्यांनी मला खुर्चीत बसवलं. म्हणाल्या, "बाळ अर्धं बापाचं, म्हणजे आईच्या शरीराला अर्धं परकंच. दुसऱ्याची किडनी शरीर फेकून द्यायला बघतं, पण बाळाला ठेवून घेतं. शरीराचे पहारेकरीच वारेपाशी, म्हणजे बाळाला पोसणाऱ्या गोळ्यापाशी बसून त्याच्या रक्ताची वाट मोठी करतात. कधी कधी हा समेट नीट जमत नाही. वाट अरुंद राहते, मग बीपी चढतं. का, ते आम्हालाही पुरतं ठाऊक नाही."

"मग चूक कोणाची?"
"कोणाचीच नाही. पण उशीर झाला."

यंदा स्नेहाला दिवस गेले. सातव्या महिन्यात तिच्या घरच्यांनी तिला लातूरला नेलं. पहिलटकरीण माहेरी पाहिजे म्हणे. मला मात्र उंबरा बंद.

काल तिचं डोहाळजेवण झालं. फोटोत फुलांनी झाकलेली.
आज सकाळी तिचा फोन. "डोकं फुटायलंय रे. काजवे चमकायलेत. आईनं दृष्ट काढली. ठसकाच आला नाही."

मी ताट तसंच ठेवून उठलो.

सासूबाईंना फोन लावून ओरडलो, "मामी, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या!"
"कॉलेज सोडून पळालेला तू, मला शिकवायलास?"
"हाव, अर्धवटच हाय मी! पण माझ्या आईनं पण मिरच्याच जाळल्या होत्या, मामी. आज तिच्या लेकीचं वर्षश्राद्ध हाय."

फोन कट.

अहमदपूर सोडल्यावर परत वाजला. मामी रडत होत्या.
"बीपी लई हाय म्हणले. भरती केलंय, इंजेक्शन चालू हाय. बाळाचे ठोके हायेत. जावईबापू, लवकर या."

जावईबापू. पहिल्यांदाच म्हणाल्या.
आनंद व्हायला पाहिजे होता. नुसती भीतीच वाटून राहिली.

कोणाच्या घरी पोटुशी बाई असंल, तिचं डोकं दुखलं, डोळ्यापुढं चमकलं, तर मिरच्या राहू द्या. आधी बीपी बघा.

ताई, तुझ्या फोटोला हार घालायचा राहिला. तिघं मिळून घालू.
तेवढं होऊ दे.

येतो गं, ताई.