पाणी आणलं का?

आख्ख्या बजाजनगरात खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी फकस्त माझ्याकडं. तिच्यातलं मला काय बी कळत नाय.

शोभेच्या माशांचं दुकान चालवणाऱ्या आपा, काय बी विचारा, माशांकडं बघतच म्हणायच्या, "टाकीचं पाणी आणलं का?" बाटली नाय, तर जवाब नाय. मला एवढा दम कुठला? मी मोबाईलवर धा जणांना विचारलं अन् धाही जणांची औषधं ओतली. टाकीतलं जितं पोवळं पांढरं पडाया लागलं, तवा बाटली घेऊन पळालो.

आपांनी पाणी तपासलं, दुकानाचं शटर ओढलं अन् घरी येऊन माझी सगळी औषधं पिशवीत भरली.

"आपा, जगंल ना पोवळं?"

"जगंल, भाई. घराची चाबी माझ्याकडं द्या अन् तुम्ही आठ दिवस गावाला जा."