बाबांच्या बुकावर माझ्या गोळ्या

दोन वर्षं मी माझ्या डोक्याच्या गोळ्या बाबांच्या नावावर खाल्ल्या. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणाला माझ्याबद्दल उगाच चांगलं वाटायला नको.

मी भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये क्रेन चालवायचो. छताखालच्या रुळांवर धावणारी मोठी क्रेन, तिच्या केबिनमध्ये मी, आणि खाली हुकाला लटकलेलं वितळलेल्या पोलादाचं भांडं. खालची माणसं वर पाहून हाताने इशारा करतात आणि त्या इशाऱ्यावर मी ते भांडं त्यांच्या आजूबाजूने नेतो. हे काम ज्याच्याकडे असतं त्याची दरवर्षी तपासणी होते. डोळे, कान, बीपी आणि चालू असलेल्या गोळ्या. डोक्याच्या गोळ्या निघाल्या की माणूस क्रेनवरून खाली, स्टोअरमध्ये नटबोल्ट निवडायला. अशा माणसाला आमच्यात ‘उतरवलेला’ म्हणत. मी स्वतः दोघातिघांना तसं म्हणून पोट धरून हसलो होतो.

आणि मग मलाच ते झालं. काय झालं ते तेव्हा सांगता येत नव्हतं, आजही नीट येत नाही. कोणी मेलं नव्हतं, कोणी सोडून गेलं नव्हतं. कोहका वस्तीत स्वतःचं घर, बायको धडधाकट, पोरगी पुण्याला शिकायला. तरी सकाळी बुटात पाय घालायला अर्धा तास लागायचा. केबिनची शिडी चढताना मधेच थांबून रडायचो आणि वर जाऊन तोंड पुसून कामाला लागायचो. काही कारण असतं तर त्या कारणाला शिव्या तरी दिल्या असत्या.

लोक म्हणतील, बाहेरच्या डॉक्टरकडे जायचं होतं, शेजारच्या दुर्गला काय कमी आहेत? बरोबर आहे. पण प्लांटच्या माणसाला ते सुचत नाही. आमच्याकडे प्रत्येकाचं मेडिकल बुक असतं. हॉस्पिटलात डॉक्टर त्यात औषध लिहितो, खिडकीवर बुक दाखवलं की औषध हातात. आमच्या घरात दोन पिढ्यांनी खोकल्याची बाटलीसुद्धा विकत आणलेली नाही. प्लांटचा माणूस बाहेरच्या दवाखान्याची पायरी चढताना दिसला की आठ दिवसांत सगळे विचारतात, हा काय लपवून राह्यला बे? माझ्या बुकात लिहिलं तर तपासणीत दिसणार, बाहेर गेलो तर गावभर होणार. तेव्हा माझ्या हुशारीने तिसरी वाट काढली. बाबा प्लांटमधूनच रिटायर झालेले, त्यांचं वेगळं बुक होतं. आणि त्यांना आता कुठे क्रेन चालवायची होती?

बाबांना मी जेवताना सांगितलं. भंडाऱ्याकडची शेती भावांवर सोडून ते इकडे आले आणि उभा जन्म भट्टीपुढे काढला. आई गेल्यापासून बोलणं कमी झालं होतं. माझं सगळं त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“म्हंजे पागल मी व्हायचं,” ते म्हणाले.

“पागल नाई बाबा. टेन्शनच्या गोळ्या असतात. आजकाल सगळेच खातेत.”

“मंग तुया नावानं कावून नाई?”

“क्रेन जाईन ना.”

त्यांनी भात कालवला, दोन घास खाल्ले. “क्रेन नाई गेली पाह्यजे,” म्हणाले.

मग मी शाळेतल्या पोरासारखं त्यांच्याकडून पाठ करून घेतलं. झोप लागत नाही म्हणायचं. भूक नाही म्हणायचं. मन लागत नाही म्हणायचं. बायको ओट्याशी उभी राहून ऐकत होती. “बुढ्या माणसाले कायले खोटं शिकवून राह्यले तुमी?” ती म्हणाली. मी तिला चूप बस म्हणालो.

हॉस्पिटलातला डॉक्टर तरुण होता आणि आमच्या दुर्दैवाने घाईत नव्हता. “बाबूजी, क्या तकलीफ है?” त्याने विचारलं. बाबांनी तिन्ही वाक्यं ओळीने म्हणून दाखवली. डॉक्टरने ती लिहून घेतली आणि विचारलं, “दिन भर क्या करते हैं?”

हे मी शिकवलं नव्हतं. बाबा त्यांच्या मोडक्या हिंदीत म्हणाले, “सायकल से भिलाई-3 टेशन तक जाता हूँ. मालगाड़ी का डब्बा गिनता हूँ. गिनना हो गया तो घर कायको जाना, वो याद नहीं आता.”

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. “कब से?”

“मिसेस गई तब से.”

मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. परत येताना स्कूटरवर म्हणालो, “बाबा, तुमी तं नाटकात पाह्यजे होते! मालगाडी कुठून सुचली तुमाले?” मागे बसलेले बाबा हसले. “सुचली,” म्हणाले.

गोळ्या मिळाल्या. पहिले दहा दिवस मी ज्या हालात काढले ते वैऱ्यालाही नकोत. उठून उभं राहिलो की भिंती सरकायच्या, मोरीपर्यंत जाताना दाराची चौकट धरावी लागायची. पोटात मळमळ. जांभया अशा की जबडा दुखायचा. तोंडाला एवढी कोरड पडायची की पोळीचा घास गालातच फिरत राहायचा. पुढे भिंती थांबल्या, कोरड मात्र राहिली. हातांना बारीक कंप सुटला, अंगाला उगाचच घाम यायचा, पोट सुटलं. बायकोजवळ गेलो तरी नुसता जवळ गेलो एवढंच. एकदा ती सरळ बोलली, “तुमाले आता राग बी येत नाई अन् लाड बी येत नाई. घरात पाहुणा ठेवल्यावानी वाटते मले.” मी ते ऐकलं आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही.

पण गोळ्या लागू पडल्या, हेही खरं आहे, आणि कोणी गोळ्यांना शिव्या देत असेल तर मी त्याच्या बाजूचा नाही. तिसऱ्या महिन्यात एका दुपारी केबिनमध्ये मी शिटी वाजवतोय हे माझं मलाच कळलं. शिडी एका दमात चढू लागलो. मला माझं जगणं परत मिळालं होतं.

दर महिन्याला बाबांना घेऊन डॉक्टरकडे जायचं. “मुँह सूखता है?” तो विचारायचा. बाबा माझ्याकडे पाहायचे, मी मान हलवली की म्हणायचे, “हाँ साहब, बहुत सूखता है.” डॉक्टर त्यांची जीभ पाहून बुचकळ्यात पडायचा. “हाथ काँपता है?” मी मान हलवायचो, बाबा हात पुढे करायचे, हात दगडासारखा स्थिर. फरक थोडाच आहे असं मी सांगायचो आणि गोळी वाढवून घ्यायचो. “मशीन-वशीन मत चलाना,” डॉक्टर प्रत्येक वेळी बजावायचा. बाबा म्हणायचे, “मैं कायको चलाऊँगा साहब.” बाहेर येऊन आम्ही दोघे यावर हसायचो. एक दिवस लिव्हरवर माझा हात नको तेव्हा थरथरला आणि भांडं हवं त्यापेक्षा जास्त झुललं. खालची माणसं मागे पळाली आणि माझ्या आईवरून बोलली. मीही वरून त्यांच्या आईवरून बोललो. घरी यातलं काही सांगितलं नाही.

औषधाच्या खिडकीपुढे रिटायर लोकांची लाइन मोठी असते आणि त्या लाइनीत एकमेकांची बुकं पाहायची रीत आहे. तुमची शुगरची कोणती, माझी बीपीची कोणती, असं चालतं. बाबांच्या भट्टीवरच्या एका जुन्या सोबत्याने त्यांचं बुक असंच हातात घेतलं, पान वाचलं आणि परत दिलं. घरापर्यंत पोचायच्या आत त्याने ते चार जणांना सांगितलं असावं.

आमच्या समाजात लग्न ठरवताना बैठक बसते. देणंघेणं, मानपान, कोणी कोणाकडे यायचं, सगळं तिथे बोलून ठरतं आणि बोलायला वडीलधारे लागतात. इतकी वर्षं अशा बैठकीत बाबांचा शब्द शेवटचा असायचा. त्या वर्षी नंदिनी नगरला नात्यातल्या एका पोरीची बैठक होती. बाबा सवयीने पुढे बसले. मुलाकडच्यांनी काहीतरी अडवून धरलं, तसे बाबा बोलायला लागले. दुसरंच वाक्य चालू होतं, एवढ्यात मुलाच्या मामाने विचारलं, “काकाजी, आज गोळी घेतली का?”

सगळे हसले. मीही हसलो. सगळ्यात मोठ्याने मीच हसलो असेन, कारण मी हसलो नसतो तर लोकांनी माझ्याकडे पाहिलं असतं. बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. “घेतली ना,” म्हणाले, आणि मागे सरकून भिंतीला टेकून बसले. त्यानंतर त्यांना कोणत्याही बैठकीचं बोलावणं आलं नाही. मी स्वतःला समजावलं, म्हाताऱ्याची कटकट वाचली.

दुसऱ्या वर्षीही तपासणी झाली आणि मी फिट निघालो. त्या आनंदात पेढे आणले. देवापुढे ठेवले, बाबांच्या हातावर एक ठेवला. त्यांनी तो तसाच धरून ठेवला.

“एक विचारू का?” ते म्हणाले. “त्याच्यातली अर्धी मले देत जाशील का?”

मला वाटलं, पेढ्याचं बोलतायत. “अर्धा कायले? आणखी दोन घ्या.”

“पेढा नाई बा. गोळी. तुले फरक पडला म्हणून म्हणलो. मले बी पाहू दे.”

मी हसलो. “तुमाले काय झालं? ना ड्युटी, ना डोक्याले ताप. बसून खाता अन् सायकलीवर फिरता. गोळी काय परसाद हाये का वाटायले?” आणि वर हेही सुनावलं की महिन्याच्या मोजून मिळतात, अर्धी अर्धी वाटली तर शेवटचे दिवस मी काय करू? ते बरं म्हणाले. पेढा त्यांनी माझ्या बायकोच्या हातात दिला.

त्यानंतर त्यांचं जेवण तुटलं. ताटावर बसायचे, उठायचे. बायको माझ्यामागे लागली. “देऊन टाका न त्यायले. उधार मागून राह्यले का ते? त्यायच्याच बुकावरची हाये.” आठवडाभर हे ऐकून माझं डोकं उठलं. एका संध्याकाळी ताटावर बसलो असताना मी पुडा आणला, एक गोळी काढली आणि बाबांच्या वाटीशेजारी आपटली. “घ्या. अर्धी कायले, पुरी घ्या. तुमच्याच नावाची हाये.”

माझी सुरुवात पाव गोळीने झाली होती. त्या आपटलेल्या गोळीपर्यंत पोचायला मला वर्ष लागलं होतं. पहिल्या दिवसांत भिंती सरकतात, उठताना चौकट धरावी लागते, हे त्या घरात माझ्याशिवाय कोणालाही माहीत नव्हतं. मला सगळं माहीत होतं आणि मी त्यातलं अक्षर बोललो नाही. मला राग आला होता, एवढंच त्याचं कारण. बाबांनी गोळी पाण्याबरोबर घेतली आणि माझ्याकडे पाहून मान हलवली.

सकाळी मोरीच्या दारात ते पडले. आवाज ऐकून मी धावलो तर तोंडावर रंग नव्हता आणि उजवा पाय बाहेर वळला होता. खुबा मोडला होता.

हाडाच्या डॉक्टरने बुक उघडलं, गोळी पाहिली आणि आमच्या त्या डॉक्टरला बोलावलं. तो कॉटशी उभा राहून पानं मागे मागे उलटत गेला. “दो साल से ले रहे हैं. चक्कर अब जाकर आया? ये कैसे हुआ?” हे त्याने बाबांना नाही, मला विचारलं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य माझ्या कोरड्या तोंडात तयार होतं आणि मला क्रेनची केबिन दिसत होती. मी खाली पाहिलं.

“मैंने खाया साहब,” बाबा कॉटवरून म्हणाले. “भूल से तीन खा लिया.”

डॉक्टर त्यांच्यावर चिडला, या वयात असं चालतं का म्हणाला. मग बुकातल्या त्या गोळीवर त्याने आडवी काट मारली, खाली सही केली आणि मला बजावलं, “ये गोली अब बाबूजी को कभी नहीं देनी.” मी मान डोलावली. तो गेला.

बाबांनी बोटाने मला जवळ बोलावलं. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला.

“आता तुया गोळ्या कुठून आणशील?”

डॉक्टरने काट मारल्यापासून मीही नेमका तोच विचार करत होतो, आणि दुसरा कोणताही विचार माझ्या डोक्यात नव्हता.

“पाहू,” मी म्हणालो.

“दुर्गले जाय. तिकडं कोणी वळखत नाई.”

“उद्या जातो,” म्हणालो. दुसऱ्या पाळीची वेळ होत आली होती. बायकोला त्यांच्याजवळ बसवलं आणि क्रेनवर गेलो. त्यांच्यासाठी गोळ्या कुठून आणू, हे मी त्यांना तेव्हाही विचारलं नाही.