सुभेदारबाईंचं स्टूल

माजी सैनिक निवासात डॉक्टर महिन्यातून एकदा येत आणि खाटेवरच्या माणसाशी बोलायचं सोडून शेजारच्या स्टुलावरच्या माणसाशी बोलत. त्यांचाही इलाज नव्हता. खाटेवरचे सगळे म्हातारे एकजात खोटारडे. डॉक्टर दारात दिसले की पाठ ताठ, छाती पुढे, आणि काहीही विचारा, उत्तर एकच, "सगळं ठीक, साहेब!" एकाच्या पायाचा अंगठा काळानिळा पडला होता, तरी पठ्ठ्या ठीकच. म्हणून प्रत्येक खाटेशेजारी स्टूल आलं. त्यावर बायको बसायची आणि नवऱ्याचं पितळ उघडं पाडायची.

हवालदाराची बायको केव्हाच देवाघरी गेली होती. त्याच्या स्टुलावर सुभेदारबाई बसायच्या. निवासातल्या त्या एकट्याच बाई-सैनिक. फौजेचे ट्रक चालवण्यात त्यांची उमर गेली होती. हवालदार तेव्हा त्यांच्या हाताखाली होता आणि अजूनही त्यांच्यासमोर विडी लपवायचा.

"रात्री झोप लागते का?" डॉक्टरांनी विचारलं, अर्थातच स्टुलाला.

"कसली झोप! लघवीला उठून उठून व्हरांडा झिजवलाय यानं," बाई म्हणाल्या. "आणि होतही नाही धड. पण मरेल, सांगायचा नाही."

हवालदार लाजून चूर झाला. पण तपासणी झाली, गोळ्या मिळाल्या. डॉक्टर निघाले तशा बाई हळूच म्हणाल्या, "माझा डावा खुबा जरा दुखतो हो."

"बाळंतपणं किती झाली, आजी?"

"एकही नाही. लग्नच केलं नाही मी."

डॉक्टरांनी एकदा हवालदाराकडे पाहिलं, एकदा बाईंकडे पाहिलं, आणि "वयाचं असतं ते, शेकत जा," असं पुटपुटत ते पुढच्या खाटेकडे सटकले.

हवालदार पोट धरून हसला. बाई हसल्या नाहीत. ट्रकची सीट पुरुषांच्या मापाची. पाठीमागे उशी कोंबून, सीटच्या कडेला अर्धवट टेकून त्या वर्षानुवर्षं डाव्या पायानं क्लच दाबत आल्या होत्या. तेव्हा कण्हायची सोय नव्हती. "हे बायकांचं काम नव्हेच," म्हणायला सगळे टपलेले. आता जेवणघराच्या पायऱ्या उतरताना डोळ्यांपुढे काजवे चमकत. एक दिवस हा पाय साफ दगा देणार आणि आपण खाटेला खिळणार, या भीतीनं त्यांना घास गोड लागत नव्हता.

गोळ्या लागू पडून हवालदार घोरायला लागला, तरतरीत झाला, आणि एका सकाळी त्यानं बाईंना कठड्याला लोंबकळत पायऱ्या उतरताना पाहिलं.

"बाईसाहेब, डॉक्टरला नीट का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की."

"जरा दुखतो म्हणालात! आपल्यात गोळी लागली तरी जराच म्हणतात. त्याला काय कळणार?" तो विचारात पडला. "खरं म्हणजे तुम्हाला स्टूलच नाही."

पुढच्या खेपेला त्यानं आपली खाट रिकामी केली. "हुकूम मी देऊ शकत नाही. विनंती आहे, आडव्या व्हा." बाई बडबडत आडव्या झाल्या. तो स्टुलावर बसला.

"अहो, जागा चुकली तुमची," डॉक्टर म्हणाले.

"नाही साहेब. आज पेशंट या आहेत."

"मला काय धाड भरलीय? सगळं ठीक," खाटेवरून आवाज आला.

"साफ खोटं!" हवालदार कडाडला, आणि सीट, उशी, क्लच, कठडा असं सगळं भडाभडा सांगून मोकळा झाला. डॉक्टरांनी खुबा दाबला. बाईंच्या तोंडून ट्रकवाल्यांची अशी अस्सल शिवी निघाली की सगळा हॉल सावधान झाला.

"फौजेत होतात? मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही बाळंतपणं मोजत होतात."

डॉक्टर ओशाळले. मोठ्या इस्पितळात एक्सरे, हाडांचे डॉक्टर, सगळं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. बाईंना भरून आलं. इतक्या वर्षांत त्यांचं दुखणं दुसऱ्या कुणी बोलून दाखवलं नव्हतं.

"सोबत कोण जाणार? तुम्ही?" डॉक्टरांनी हवालदाराला विचारलं. "तुम्ही यांचे कोण?"

हवालदार स्टुलावरून उठला, पाठ ताठ केली.

"ज्युनियर, साहेब."